लष्करी टोप्या, जर्मन (१९३३–४५) व त्यांचे संग्रहण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन सैन्यातील अधिकारी व सैनिक गणवेशाबरोबर रुंद, सपाट माथ्याची व कडक छज्जाची जी टोपी वापरीत, तिला जर्मन भाषेत ‘शिर्मम्यूत्से’ म्हणतात. ‘शिर्म’ म्हणजे आडोसा किंवा छज्जा व ‘म्यूत्से’ म्हणजे टोपी. आपल्याकडे पोलीस व लष्करी अधिकाऱ्यांच्या ज्या टोपीला ‘पीक कॅप’ अथवा बोलीत ‘पी-कॅप’ म्हणतात, त्याच जातीची ही टोपी होय. १९४५ मध्ये जर्मनीचा पराभव झाल्यावर या टोप्या विजेत्या सैनिकांच्या सामानातून अनेक देशांत पांगल्या आणि पुढे त्यांचा एक मोठा बाजार उभा राहिला. नाणी किंवा टपाल तिकिटे यांच्या संग्रहाहून हा संग्रह दोन बाबतींत वेगळा आहे. एक म्हणजे, ज्या राजवटीचे चिन्ह या टोपीवर आहे, ती राजवट मानवी इतिहासातील अतिघोर अपराधांना जबाबदार होती. दुसरे असे की, टोपीचे ऐतिहासिक मूल्य तिच्या कापडात फारसे नसून ती कोणी शिवली, कोणी घातली व कोणाच्या हातून कोठे गेली, या माहितीत असते आणि नेमकी हीच माहिती बाजारात सर्वांत आधी नष्ट होते.

पूर्वपीठिका : नेपोलियनविरुद्धच्या १८१३–१५ च्या युद्धांत प्रशियाच्या सैन्यात जड शिरस्त्राणाच्या जोडीला कापडी टोपी रूढ झाली. मार्च १८१३ मध्ये उभारलेल्या ‘लांटवेर’ या नागरी सेनेच्या छज्जेदार टोपीवर पत्र्याचा क्रूस असे. पुढे एकोणिसाव्या शतकात अधिकारी व वरिष्ठ हवालदार छज्जाची टोपी घालीत, तर साधा शिपाई बिनछज्जाची गोल टोपी घाली. छज्जा ही डोळ्यांवरच्या सावलीपेक्षा दर्जाची खूण अधिक होती. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेम्बर्ग इ. राज्यांच्या सैन्यांच्या टोप्यांवर त्या त्या राज्याच्या रंगांची चकती असे. २२ मार्च १८९७ रोजी सम्राट पहिला विल्हेल्म याच्या जन्मशताब्दीनिमित्त साम्राज्याची काळी-पांढरी-तांबडी चकती सर्वच सैन्यास देण्यात आली. ती वर व राज्याची चकती खाली पट्ट्यावर, अशी मांडणी पहिले महायुद्ध संपेपर्यंत टिकली. एकाच टोपीवर दोन निष्ठा आणि त्यांची उतरंड दाखविणारी ही मांडणी जर्मन एकीकरणाच्या इतिहासाचे छोटे टिपणच म्हणता येईल.

व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मन भूसेना एक लाखावर आणून ठेवली. ‘राइख्सवेर’ या नावाच्या या छोट्या सेनेत छज्जेदार टोपी सर्व दर्जांना मिळाली. मार्च १९३३ मध्ये जुने तीन रंग परत आले. त्यानंतरचा बदल मात्र केवळ सजावटीचा नव्हता. फेब्रुवारी १९३४ मध्ये संरक्षणमंत्री फोन ब्लोमबेर्ख याच्या पुढाकाराने आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ख याच्या संमतीने, पंजात स्वस्तिक धरलेला नाझी पक्षाचा गरुड सैन्याच्या टोपीवर व छातीवर आला. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्लोमबेर्खने ज्यू वंशाच्या सैनिकांना सेवेतून काढण्याचा नियम सैन्यास लागू केला. हिटलरच्या व्यक्तिनिष्ठेची शपथ सैनिकांनी घेतली ती ऑगस्ट १९३४ मध्ये. म्हणजे पक्षाचे चिन्ह सैन्याच्या डोक्यावर चढले, ते शपथेच्या जवळजवळ सहा महिने आधी. नाझी अपराधांशी सैन्याचा संबंध नव्हता, असे युद्धानंतर अनेक माजी सेनाधिकारी सांगत राहिले. १९३४ नंतरची कोणतीही टोपी त्या समर्थनाला पहिली अडचण निर्माण करते. (भारतीय वाचकाला स्वस्तिक हे मंगलचिन्ह म्हणून परिचित आहे. जर्मन भाषेत या चिन्हाचे नाव ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस, असे असून जर्मनीतील त्याच्या राजकीय वापराचा आपल्या धार्मिक परंपरेशी संबंध नाही.)

रचना व दलरंग : १९३५ च्या सुमारास स्थिर झालेल्या भूसेनेच्या नमुन्यात टोपीचा माथा करड्या-हिरव्या लोकरी कापडाचा असून आत तारेचे कडे घालून तो ताणलेला असे. पुढची बाजू उंच व दोन्ही बाजू खाली झुकलेल्या असल्याने समोरून टोपीला खोगिरासारखा डौल येई. माथ्याखाली गडद निळसर-हिरव्या कापडाचा पट्टा आणि त्याखाली व्हल्कनाइज्ड फायबरचा काळा, चकचकीत छज्जा असे. माथ्याच्या पुढील भागावर गरुड आणि पट्ट्यावर ओकच्या पानांच्या वेलीत तीन रंगांची चकती बसविलेली असे. शिपाई व हवालदार यांच्या टोपीवर छज्जाच्या वर काळ्या चामड्याचा हनुवटीपट्टा, अधिकाऱ्यांच्या टोपीवर ॲल्युमिनियमच्या तारेचा पिळाचा दुहेरी गोफ, तर सेनापतींच्या टोपीवर सोनेरी गोफ असे.

माथ्याच्या कडेला व पट्ट्याच्या दोन्ही कडांना मिळून तीन ठिकाणी रंगीत गोट शिवलेला असे. हा गोट सैनिकाच्या दलाचा रंग सांगे. जर्मन भाषेत त्यास ‘वाफेनफार्ब’ म्हणतात. पायदळाचा पांढरा, तोफखान्याचा भडक तांबडा, घोडदळाचा सोनपिवळा, रणगाडादळाचा गुलाबी, सफरमैना पलटणींचा काळा, संदेशदळाचा लिंबासारखा पिवळा, वैद्यकीय दळाचा निळा, पहाडी पलटणींचा फिकट हिरवा, सैन्यातील धर्मोपदेशकांचा जांभळा, अशी ही वाटणी होती. पहाडी पलटणींच्या टोपीवर गरुड व चकती यांच्यामध्ये इडलवाइस या आल्प्समधील फुलाचा बिल्लाही असे. काही पलटणी जुन्या राजेशाही रेजिमेंटांचा वारसा म्हणून आणखी एक परंपराचिन्ह लावीत. सतराव्या पायदळ रेजिमेंटच्या काही तुकड्यांची ब्रन्सविकची कवटी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. कवटीचे चिन्ह म्हणजे एसएस संघटनाच, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. प्रशियाच्या हुसार घोडदळाने ते पूर्वीच वापरले होते आणि एसएसने ते तेथूनच उचलले. १९३४ पर्यंत एसएसची कवटी खालच्या जबड्याविना होती. त्यानंतर जबड्यासह नवा नमुना आला व जुना नमुना रणगाडादळाच्या कॉलरवर राहिला.

वायुसेनेची टोपी निळसर-करड्या कापडाची व काळ्या विणीव पट्ट्याची असून तिच्या चकतीला दोन्ही बाजूंस पंख असत. वायुसेनेच्या उडत्या गरुडाची शेपूट सुरुवातीच्या नमुन्यात खाली झुकलेली असे. १९३७ च्या सुमारास तो नमुना बदलला. नौसेनेची टोपी गडद निळी असे आणि अधिकाऱ्याचा दर्जा तिच्या छज्जावरील सोनेरी भरतकामावरून कळे. कनिष्ठ अधिकाऱ्यांना कडेची नागमोडी नक्षी, वरिष्ठांना ओकच्या पानांची एक ओळ व ॲडमिरलांना दोन ओळी, असा तो क्रम होता. उन्हाळ्यात टोपीवर पांढरे आवरण चढवीत. पाणबुडीवर ते एकट्या कप्तानाने घालावे, असा नियमबाह्य पण दृढ प्रघात पडला होता.

उत्पादन : शिपायास टोपी सरकारी कोठारातून मिळे. अधिकाऱ्यास ती स्वतःच्या पैशाने घ्यावी लागे व त्यासाठी कपड्यांचा भत्ता असे. यामुळे एकाच नमुन्याच्या दोन प्रती तयार झाल्या. सरकारी टोपीच्या अस्तरावर कोठाराचा शिक्का, वर्ष व माप यांचे ठसे असतात. खाजगी टोपीत रेशमासारख्या चकचकीत अस्तरावर कारखानदाराचे नाव आणि त्यावर पातळ पारदर्शक तुकडा शिवलेला असतो. बर्लिनच्या रोबेर्ट लुब्स्टाइन या कारखान्याचे ‘एरेल’ हे बोधनाव मालकाच्या आद्याक्षरांच्या जर्मन उच्चारावरून आले. वुपर्टालजवळील रोन्सडोर्फच्या पेटर क्युपर याचे ‘पेक्युरो’ हे नावही तसेच. कपाळावर दाब येऊ नये अशी रचना केलेल्या चामडी घामपट्टीवर तिच्या एकस्वाचा उल्लेख छापलेला अनेकदा आढळतो. धातूचे बिल्ले मुख्यतः वेस्टफेलियातील ल्यूडेनशाइड या गुंड्या-बिल्ल्यांच्या गावी होत. विणलेले बिल्ले वुपर्टालच्या ज्या फितीच्या कारखान्यात विणले जात, त्याच्या ‘बेवो’ या संक्षिप्त नावावरून संग्राहक आजही अशा सर्वच बिल्ल्यांना बेवो म्हणतात. नाझी पक्षाच्या व एसएसच्या वस्तूंवर म्यूनिक येथील पक्षाच्या साहित्य-नियंत्रण कार्यालयाची चिठ्ठी असे. पक्षाला आपल्या चिन्हांच्या बाजाराची चिंता पहिल्यापासूनच होती. राष्ट्रीय चिन्हांचा हलक्या व्यापारी मालावर वापर करण्यास मनाई करणारा कायदा त्याने मे १९३३ मध्येच केला होता.

टोप्यांच्या संग्राहकांसाठी लिहिलेली पुस्तके शिक्क्यांबद्दल पानेच्या पाने खर्च करतात. परंतु शिक्क्यामागील माणसांबद्दल त्यांत क्वचितच काही असते. १९३३ पूर्वी बर्लिनच्या तयार कपड्यांच्या व्यवसायात ज्यू कारखानदारांचा वाटा फार मोठा होता. त्यांना या धंद्यातून हुसकण्यासाठी १९३३ मध्ये ‘आडेफा’ हा ‘आर्य’ कपडे-उत्पादकांचा संघ स्थापन झाला. माल आर्य हातांनी बनविला असल्याचे सांगणाऱ्या या संघाच्या चिठ्ठ्या कपड्यांना लावल्या जात. उद्दिष्ट साध्य झाले म्हणून १९३९ मध्ये संघ विसर्जित करण्यात आला. युद्ध सुरू झाल्यावर गणवेशांची शिलाई बंदिवानांवर लादली गेली. राव्हेन्सब्र्यूक येथील स्त्रियांच्या छळछावणीत एसएसच्या मालकीच्या ‘टेक्सलेड’ या कंपनीच्या शिवणशाळा होत्या. पोलंडमधील वुज शहराच्या ज्यू वस्तीत हजारो माणसे जर्मन सैन्याचे कपडे शिवीत होती. काम करणाऱ्यास जगू दिले जाईल, या आशेवर ती वस्ती इतर वस्त्यांपेक्षा अधिक काळ टिकली. ऑगस्ट १९४४ मध्ये तेथील उरलेल्यांनाही आउशविट्सला पाठविण्यात आले. सैनिकी कपड्याच्या अस्तरावर कारखान्याचा ठसा सापडतो, शिवणाऱ्याचे नाव कधीच सापडत नाही.

प्रत्यक्ष युद्धातील वापर : ‘युद्धकालीन छज्जेदार टोपी’ हा शब्दप्रयोग काहीसा फसवा आहे. उत्तम प्रतीच्या बहुतेक टोप्या १९३५ ते १९४० या काळातील असून त्या संचलन, कार्यालय व रजेवरील फेरफटका यांसाठी होत्या. आघाडीवर सैनिकाच्या डोक्यावर लोखंडी शिरस्त्राण किंवा होडीच्या आकाराची मऊ टोपी असे. जून १९४३ मध्ये सर्वांसाठी लांब छज्जाची मऊ कापडी टोपी आली आणि शेवटची दोन वर्षे तिनेच गाजविली. अधिकाऱ्यांसाठी १९३४ मध्ये तार, गोफ व धातूचे बिल्ले नसलेली, घडी करून खिशात ठेवता येणारी एक छज्जेदार टोपी निघाली होती. तिचा वापर एप्रिल १९४२ पासून बंद करण्याचे आदेश असूनही अधिकाऱ्यांनी ती शेवटपर्यंत सोडली नाही. ज्यांना ती मिळाली नाही, ते आपल्या कडक टोपीतली तार काढून टाकून तिला मुद्दाम चेपलेले रूप देत. अनुभवी योद्ध्याची ही ऐट नवख्या अधिकाऱ्यांनीही उचलली. एप्रिल १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेतील मेचिली येथे ब्रिटिशांकडून हाती आलेला धूळचष्मा रोमेलने आपल्या टोपीवर चढविला आणि तो त्याच्या छायाचित्रांतून जगप्रसिद्ध झाला. युद्ध लांबत गेले तसतशी कापडात कृत्रिम धाग्यांची भेसळ वाढली, चामड्याच्या जागी पर्यायी पदार्थ आले आणि बिल्ल्यांसाठी ॲल्युमिनियमऐवजी जस्त वापरले जाऊ लागले. उतरत्या दर्जाची ही टोपी बाजारात कमी भावाची मानली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते अभ्यासकाला तीच अधिक बोलकी वाटावी. कारण जर्मन अर्थव्यवस्थेची ओढाताण तिच्यात हाताला लागते.

याच संदर्भात एका भारतीय अपवादाची नोंद करावयास हवी. सुभाषचंद्र बोस एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचल्यावर मुख्यतः उत्तर आफ्रिकेतील भारतीय युद्धकैद्यांमधून ‘आझाद हिंद’ पलटण उभारली गेली. सुमारे अडीच ते तीन हजारांच्या या पलटणीला जर्मन गणवेश व झेप घेणाऱ्या वाघाचे बाहुचिन्ह मिळाले. तीमधील शीख सैनिकांनी मात्र जर्मन टोपी न घालता पगडीच ठेवली. ऑगस्ट १९४४ मध्ये पलटण कागदोपत्री वाफेन-एसएसकडे वर्ग झाली. या पलटणीच्या मूळ वस्तू अत्यंत थोड्या असल्याने तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंबाबत विशेष सावधगिरी बाळगावी लागते. याउलट इटलीच्या आघाडीवर जर्मनांशी लढलेल्या भारतीयांत मराठा लाइट इन्फंट्री आघाडीवर होती. तीमधील यशवंत घाडगे (जुलै १९४४, मरणोत्तर) व नामदेव जाधव (एप्रिल १९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

संग्रहाची सुरुवात : पराभवानंतर जर्मन सैनिकांच्या टोप्या तीन वाटांनी पांगल्या. काही कैद्यांच्या छावण्यांत काढून घेतल्या गेल्या, काही सिगारेट व खाद्यपदार्थांच्या मोबदल्यात विकल्या गेल्या आणि काहींवरील गरुड खुडून, कापड रंगवून त्या मालकांनीच वापरल्या. कारण अंगावर घालायला दुसरे काही नव्हते. मित्रराष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेने नोव्हेंबर १९४५ मध्ये जर्मनांना लष्करी गणवेश व चिन्हे वापरण्यास बंदी केली. न्यूरेंबर्गच्या न्यायालयात गोरिंग, कायटेल व योडल हे बिल्ले काढलेल्या गणवेशात बसलेले दिसतात, ते याच धोरणामुळे. अमेरिकन सैनिकाला विजयचिन्ह मायदेशी नेण्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचे प्रमाणपत्र लागे. युद्धखात्याच्या २८ मे १९४५ च्या परिपत्रकाचा हवाला असलेले हे चतकोर कागद पुढे संग्राहकांना टोपीइतकेच प्रिय झाले. त्यांवर वस्तूंची यादी व सैनिकाचे नाव असे. टोपी आणि कागद एकत्र राहिले, तर ती कोणत्या तुकडीच्या हाती कोठे लागली असावी, हे शोधता येते. सैनिकाच्या मृत्यूनंतर वारसांनी टोपी एका विक्रेत्याला व कागद दुसऱ्याला विकला की, तो दुवा कायमचा तुटतो. असे सर्रास घडत आले आहे.

बनावट टोप्या : १९६० च्या दशकापासून अमेरिका व ब्रिटनमध्ये मागणी वाढली आणि मूळ वस्तूंचा साठा मर्यादित असल्याने बनावट मालाला ऊत आला. बनावटीच्या तीन पायऱ्या दिसतात. पहिली, संपूर्ण नवी टोपी शिवणे. चित्रपटांसाठी प्रामाणिकपणे शिवलेल्या टोप्याही काही वर्षांनी धूळ बसल्यावर अस्सल म्हणून विकल्या गेल्या आहेत. दुसरी, युद्धोत्तर टोपीवर युद्धकालीन बिल्ले लावणे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या पूर्व जर्मन सेनेने जुन्या कापाची करडी टोपी ठेवली होती, तर पश्चिम जर्मनीतील अग्निशामक दल, वनखाते इ. सेवांच्या टोप्याही त्याच घडणीच्या होत्या. म्हणून कच्चा माल विपुल होता. तिसरी पायरी सर्वांत कठीण व सर्वांत हानिकारक होय. तीत अस्सल टोपीलाच अधिक किमती बनविले जाते. पायदळाची पांढऱ्या गोटाची टोपी सर्वाधिक प्रमाणात उपलब्ध असल्याने तुलनेने स्वस्त पडते. तिचा गोट उसवून गुलाबी गोट घातला की, ती रणगाडादळाची होते आणि भाव कितीतरी चढतो. पहिल्या दोन प्रकारांत खोटी वस्तू जन्मते, तर तिसऱ्यात एक खरी वस्तू मरते.

परीक्षणाचे मार्ग साधे आहेत. गोटाची शिलाई पट्ट्याखालून पाहावी लागते. मूळ टाक्यांची भोके व आताचा दोरा जुळत नसल्यास गोट बदललेला असतो. बिल्ल्याच्या मागचे पाय कापडातून आत वळविलेले असतात. दीर्घ काळ एकाच जागी राहिलेल्या बिल्ल्याखालचे कापड कमी विटलेले असते आणि आतील बाजूस पायांचे ठसे उमटलेले असतात. घामपट्टीवरील घामाचे डाग, अस्तराची झीज व छज्जाच्या लाखेचे तडे हे एकमेकांशी सुसंगत असावे लागतात. अस्तर जीर्ण पण घामपट्टी कोरी असेल, तर शंका घ्यावी. पॉलिएस्टरचा धागा युद्धानंतरच व्यापारी प्रमाणावर आला असल्याने तो सापडणे हा निर्णायक पुरावा असतो. अतिनील दिव्याखाली युद्धोत्तर काळातील प्रकाशवर्धक रसायने निळसर चमकतात. म्हणून संग्राहकांचा या दिव्यावर मोठा भरवसा असतो. परंतु अस्सल टोपी नंतर कोणी साबणचुऱ्याने धुतली असेल, तर तीही चमकते आणि जुन्या कापडातून शिवलेली नवी टोपी मुळीच चमकत नाही. एकाच चाचणीवर निर्णय देणारा तज्ज्ञ लवकरच फसतो.

कागदाच्या बनावटीचे प्रकरण तर जगप्रसिद्ध आहे. कोनराड कुयाउ हा श्टुटगार्ट येथील विक्रेता १९७० च्या दशकात पूर्व जर्मनीतून लष्करी वस्तू चोरट्या मार्गाने आणून विकत असे. साध्या वस्तूंना खोट्या चिठ्ठ्या जोडून तो त्यांचा भाव वाढवी. पहिल्या महायुद्धातील एका सामान्य शिरस्त्राणाला, ते हिटलरने वापरले असल्याची चिठ्ठी त्याने जोडली होती. शिरस्त्राण खरे, चिठ्ठी खोटी. आणि किंमत आली ती चिठ्ठीची. येथून पुढची पायरी म्हणजे हिटलरच्या रोजनिशांचे साठांहून अधिक खंड. गोरिंगची नौका विकत घेण्याइतका या वस्तूंच्या मोहात पडलेला पत्रकार गेर्ड हायडेमान याच्यामार्फत ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने त्यांसाठी ९३ लाख मार्क मोजले आणि एप्रिल १९८३ मध्ये प्रकाशनाला सुरुवात केली. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात जर्मन संघीय अभिलेखागाराने त्या बनावट ठरविल्या. कागदात व बांधणीच्या साहित्यात युद्धानंतरचे पदार्थ सापडले होते. हायडेमान मूर्ख नव्हता. वस्तूंच्या सहवासात इतकी वर्षे घालविल्यामुळे त्याला ती गोष्ट खरी असावी असे मनापासून वाटत होते. या छंदाचा हाच खरा धोका आहे.

कायदा व नैतिक प्रश्न : जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ अ अन्वये घटनाविरोधी संघटनांच्या चिन्हांचा जाहीर वापर व प्रसार दंडनीय आहे. शिक्षण, संशोधन, कला व वृत्तनिवेदन यांना अपवाद आहे. केवळ जवळ बाळगण्यास या कलमाने बंदी नाही. म्हणून लिलावगृहे विवरणपुस्तिकांतील छायाचित्रांत स्वस्तिक झाकतात व खरेदीदाराकडून अभ्यासाच्या हेतूचे निवेदन घेतात. हे निवेदन किती वेळा मनापासून केले जाते, हा प्रश्न वेगळा. ऑस्ट्रियाचे नियम अधिक कडक आहेत. फ्रान्समध्ये अशा वस्तूंच्या संगणकीय लिलावावरून पॅरिसच्या न्यायालयाने २००० मध्ये ‘याहू’ कंपनीविरुद्ध आदेश दिला आणि पुढील वर्षी त्या कंपनीने व ‘ईबे’ने अशा वस्तूंच्या विक्रीवर निर्बंध घातले. ऑस्ट्रेलियात २०२३ च्या कायद्याने नाझी चिन्हांच्या व्यापारालाच बंदी झाली असून ती जानेवारी २०२४ पासून लागू आहे. अमेरिकेत मात्र असे खाजगी व्यवहार कायदेशीर आहेत.

संग्रहाला सरसकट विकृती ठरविणे योग्य नाही. अनेक संग्रहालयांतील गणवेश-विभाग खाजगी संग्राहकांच्या देणग्यांनी समृद्ध झाले आहेत आणि शिक्के, कारखाने व कापड यांविषयीची बरीच माहिती प्रथम त्यांनीच गोळा केली. पण बाजारभावांची उतरंड पाहिली, तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. वैद्यकीय दळाच्या किंवा पायदळातील साध्या शिपायाच्या टोपीपेक्षा एसएसची टोपी कैक पटींनी महाग असते. दुर्मीळपणा हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण सांगताना विक्रेते अडखळतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये म्यूनिकजवळील एका लिलावात हिटलरच्या नावाच्या वस्तू निघाल्या, तेव्हा यूरोपातील ज्यू संघटनांनी तीव्र निषेध केला. लेबानन येथे जन्मलेला स्वित्झर्लंडमधील उद्योगपती अब्दल्ला शातिला याने त्यांतील बऱ्याच वस्तू, हिटलरची घडीची उंच टोपीही, स्वतः विकत घेतल्या आणि त्या एका ज्यू संस्थेच्या स्वाधीन केल्या. त्या पुढे जेरुसलेम येथील याद वाशेम या स्मारकसंस्थेकडे सोपविण्याचे ठरले. नाझीवादाच्या चाहत्यांच्या हाती त्या पडू नयेत, हा त्याचा हेतू होता. मात्र अशा खरेदीनेही पुढील लिलावाचा भाव वाढतो, हा आक्षेपही तेव्हाच घेतला गेला.

जतन : टोपीत लोकर, चामडे, फायबर, सेल्युलॉइड व धातू असे भिन्न स्वभावाचे पदार्थ एकत्र असल्याने तिचे जतन कठीण असते. लोकरीला कसर लागते. दमट हवेत फायबरचा छज्जा वाकतो, कोरड्या हवेत त्यावरील लाखेला तडे जातात. अस्तरावरचा पारदर्शक तुकडा कालांतराने पिवळा पडून आक्रसतो व त्यातून निघणारी आम्ले शेजारच्या धातूला आणि कापडाला खातात. जस्ताच्या बिल्ल्यावर पांढरी बुरशीसारखी भुकटी चढते. ती घासून काढण्याचा मोह टाळावा. तिच्याबरोबर मूळ मुलामाही जातो. संग्रहालयांत वस्त्रांवरील प्रकाश साधारणतः ५० लक्सपेक्षा अधिक ठेवीत नाहीत आणि आर्द्रता स्थिर ठेवतात. टोपी माथ्यावर उपडी न ठेवता आत आम्लमुक्त कागदाचा गोळा भरून ठेवावी, छज्जाला धरून उचलू नये, धुऊ नये व बिल्ले काढून चकाकवू नयेत. टोपी कोणाकडून, केव्हा व कोणत्या कागदांसह आली याची लेखी नोंद तिच्याबरोबर ठेवावी. अस्तर, शिक्के व पट्ट्याची आतील बाजू यांची छायाचित्रे टोपी हाती आल्याबरोबर, कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी, घ्यावी लागतात.